आईची मशेरी

आमच्या आईला कसलं व्यसन नाही, हे मी डॉक्टरांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तेच बोलले असते. आई शेजारच्या स्टुलावर पदर नीट करून बसलेली असायची आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायची. तंबाखू? नाही. गुटखा, पान, काही? छे हो, आमच्या घरात बायकांना असलं काही नाही. डॉक्टर कागदावर 'नाही' लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाला जायचे. आम्ही दोघी खोटं बोलत नव्हतो. आम्हाला खरंच तसं वाटत होतं.

आईचं दुखणं म्हणजे झोप. लागायची नाही, लागली तर टिकायची नाही. आमचं घर हर्णेला, बंदराच्या अंगाला. मी बुरोंडीला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, तिथंच खोली घेऊन राहते आणि सुट्टीला घरी जाते. घरी आई, दादा आणि वहिनी. दादा मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहे, म्हणजे समुद्रात गेल्यावर बोट आणि बोटीवरचे सगळे खलाशी त्याच्या शब्दावर चालतात. एकदा गेला की आठवडाभर तरी बोट परत यायची नाही. तो आठवडाभर आई जागी. बोट आली, दादा जेवून घोरायला लागला की मग हिचे डोळे मिटायचे, तेही अर्धेच.

हे दादापासून सुरू झालं असं नाही. माझे वडीलही बोटीवरच होते. मी पोटात असताना त्यांची बोट वादळात सापडली आणि बरेच दिवस तिचा पत्ता नव्हता. बोट आली, वडील आले, पुढे कित्येक वर्षं जगले आणि घरातल्या खाटेवर गेले. पण आईची झोप काही त्या दिवसांतून परत आली नाही. त्या दिवसांतच सासूनं तिच्यापुढे मशेरीची डबी धरली होती. "लाव जरा, बरं वाटंल," म्हणाली. आई सांगते, खरंच बरं वाटलं. चक्कर आली, उलटी झाली, आणि मग बरं वाटलं.

मशेरी म्हणजे काय ते घाटावरच्या लोकांना सांगावं लागतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची. मग चिमूटभर बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्याकडे याला दात घासणं म्हणतात. सकाळी मशेरी लावल्याशिवाय बायकांचं पोट साफ होत नाही, चहा घशाखाली उतरत नाही. मासळी सुकत घातली की मशेरी, जेवण झालं की मशेरी, शेजारीण आली की दोघींची मिळून मशेरी. भाजायच्या दिवशी सगळ्या वाडीला ठसका लागतो, आणि त्याची कुणी तक्रार करत नाही, कारण उद्या दुसरीच्या घरचा तवा तापणार असतो. तंबाखू खाणारा माणूस वेगळा. तो चुना मळतो, एसटीच्या खिडकीतून पिचकाऱ्या मारतो, आणि तो पुरुष असतो.

आता माझी अक्कल बघा. आमच्या शाळेच्या फाटकावर पाटी आहे, तंबाखूमुक्त शाळा म्हणून. मुलांना रांगेत उभं करून तंबाखूला हात न लावण्याची शपथ मीच देते, चांगला आवाज लावून. एकदा मातांची सभा घेतली आणि नवऱ्यांना तंबाखू सोडायला लावा म्हणून तासभर त्यांचं डोकं खाल्लं. सगळ्या माना डोलवत होत्या, आणि मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींचं बोट तोंडात होतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. सभा छान झाली असं मुख्याध्यापकही म्हणाले.

आईच्या झोपेसाठी दापोलीच्या डॉक्टरांनी आधी रक्तदाबाची गोळी दिली, मग झोपेची. झोपेची गोळी म्हटल्यावर मला वाटलं, सुटलो एकदाचे. ती रोज इमानदारीनं गोळी घ्यायची. पण गोळीनं तोंड कडू व्हायचं, म्हणून वर जरा मशेरी लावायची. मग पडवीत बसून समुद्राकडे तोंड करून ती घासत राहायची, तोंड धुवायची, आडवी व्हायची, आणि डोळे टक्क उघडे. पुन्हा उठायचं. जागीच आहे तर आणखी काय करणार, म्हणून पुन्हा बोट डबीत.

मी जाऊन डॉक्टरांशी भांडले. तुमच्या गोळीनं काडीचा फरक नाही म्हटलं. त्यांनी गोळी वाढवली. मग ती दिवसा पेंगायला लागली. सुकत घातलेल्या बोंबलांपाशी राखणीला बसायची आणि कावळे डोळ्यांदेखत मासळी उचलून न्यायचे. पेंग घालवायला पुन्हा मशेरी. वहिनी म्हणाली, "ताई, आईंना झोपायच्या वेळी जाग येते आणि जागायच्या वेळी झोप, काय करायचं?" मी म्हटलं, वय झालं आता, असंच चालायचं.

आणि या सगळ्यात आईची दारूवर करडी नजर. दादा बोटीवरून उतरला की पहिल्या दिवशी थोडी घ्यायचा. इंजिनाच्या आवाजाची सवय झालेला माणूस, घरातल्या शांततेत त्याला झोप यायची नाही. "तेवढीच घेतो आये, झोपण्यापुरती," म्हणायचा. आई उंबऱ्यात उभी राहून त्याची बिनपाण्यानं करायची. "लाज नाय वाटत? बाप कधी थेंबाला शिवला नव्हता. नशा केल्याशिवाय झोप येत नाय म्हणजे काय?" हे सगळं तोंडात बोट असताना. मध्येच ती पिंक टाकायला बाहेर जायची आणि परत येऊन जिथं सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायची. आम्ही हसायचो, पण कशाला हसतो ते आम्हाला कळत नव्हतं.

मग तिचा एक दात हलायला लागला. दापोलीत दातांची एक तरुण डॉक्टरीण नवीन आली होती, तिच्याकडे घेऊन गेले. तिनं आईचं तोंड उघडायला लावलं, दिवा जवळ आणला, आणि दाताचं सोडून ओठाच्या आतच बघत बसली. मग आईचा उजवा हात धरून बोट उलटंसुलटं केलं. तंबाखू खाता का, असं तिनं विचारलंच नाही. ती म्हणाली, "आजी, मशेरी कधीपासून लावता?"

आई खूश झाली. "लग्न झाल्याच्या चौथ्या वर्षापासून. म्हणून तर दात टिकले हो माझे."

डॉक्टरणीनं मला जवळ बोलावलं. खालच्या ओठाच्या आत, जिथं मशेरी साठून राहते तिथं, पांढरा चट्टा होता. दुधाची साय चिकटल्यासारखा. पुसून जात नव्हता. मला वाटलं, तोंड आलं असेल. ती म्हणाली, तसं नाही, याचा तुकडा काढून तपासावा लागेल. आणि मग हळू आवाजात, "मशेरी म्हणजे तंबाखूच ना हो, मॅडम. भाजली म्हणून ती काय दुसरी वस्तू होत नाही." 

मॅडम म्हणाली ती मला. मला तोंडात मारल्यासारखं झालं, आणि आधी रागच आला. मग तिनं झोपेचं विचारलं. रात्री जाग आल्यावर लावता का? झोपायच्या आधी? गोळी घेतल्यावर? आई प्रत्येक प्रश्नाला हो हो करत गेली, कौतुकानं सांगितल्यासारखी. डॉक्टरीण म्हणाली, तंबाखू झोप उडवते आजी. तुम्ही काळजीनं जागता, जागता म्हणून लावता, आणि लावता म्हणून जागता. आई माझ्याकडे बघायला लागली. मी पर्स उघडून आत काहीतरी शोधायचं नाटक केलं.

रत्नागिरीच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. रिपोर्ट येईपर्यंत मी जेवले नाही नीट. रिपोर्ट आला तो, अजून तसं काही नाही, असा. मी देवाला हात जोडले. तिथले डॉक्टर म्हणाले, "अजून, हा शब्द नीट ऐका. आज थांबल्या तर चट्टा जाऊसुद्धा शकतो. नाही थांबल्या तर पुढे काय होतं ते मी रोज बघतो." मग त्यांनी आईला समजावलं, की सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप आणखी बिघडेल, चिडचिड होईल, तेवढी कळ काढा, मग आपोआप झोप यायला लागेल. आईनं विचारलं, "किती आठवडे?" ते म्हणाले, ते प्रत्येकाचं वेगळं.

येताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. दापोली मागे पडल्यावर म्हणाली, "म्हणजे त्याच्या दारूसारखाच काय गो माझा?" इतकी वर्षं उंबऱ्यात उभी राहून ती लेकाला ज्या तोंडानं बोलली, त्याच तोंडाला पदर लावून बसली होती. मला तिची इतकी दया आली की मी तिच्यावरच खेकसले, म्हटलं, आता रडून काय उपयोग, घरी गेल्यावर डबी माझ्या हातात दे.

तिनं दिली. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नंतर वाडीतल्या बायका म्हणाल्या की लेकीनं जबरदस्ती केली. आईनं स्वतः डबी दिली, फळीवरचा तंबाखूचा पुडा काढून दिला, आणि मी शहाणीनं तो पुडा चुलीत टाकला. घरभर असा धूर झाला की आम्ही तिघी खोकत खोकत मागच्या दारी पळालो. आई डोळे पुसत हसली. म्हणाली, "बघ, जाताना पण ठसका देऊन गेली." तेवढंच हसणं.

दिवाळीची सुट्टी लागली होती म्हणून मी घरीच राहिले. दादा बोटीवर होता. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवसापासून ती माझी आई राहिली नाही. घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. शेजारणीची मासळी आमच्या हद्दीत आली म्हणून तिच्याशी असं भांडण केलं की मलाच मध्ये पडून माफी मागावी लागली. वहिनीनं वरण वाढलं तर पाणचट म्हणून ताट सरकवलं. बडीशेप दिली, लवंग दिली, डॉक्टरांनी चघळायला दिलेली गोळी दिली. गोळी हलत्या दातात अडकली आणि तिनं ती थुंकून अंगणात भिरकावली. मी बोलायला गेले तर म्हणाली, "तू जा बाय तुझ्या शाळेत. मला शिकवू नको." आणि घटकाभरानं स्वतःच येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. "माझ्या अंगात कोणतरी दुसरीच शिरलीय गो," म्हणाली. "मी असा बोलते काय कधी?"

सगळ्यात वाईट म्हणजे तिचं बोट. बोलता बोलता ते आपोआप तोंडात जायचं. त्यावर काही नसायचं, तरी ती घासत राहायची, कोरडंच. लक्षात आलं की हात खाली घ्यायची आणि इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं का म्हणून. मी पाहिलेलं असायचं. मी भिंतीकडे बघायचे.

आणि झोप तर अजिबात गेली. पूर्वी तुटक का होईना, लागायची. आता नावालाही नाही. पडवीतून आत, आतून पडवीत. मी बुरोंडीला असताना हिचं जागणं मला फोनवरून कळायचं, आता कानांनी ऐकत होते. तिच्याबरोबर मीही जागीच असायचे, आणि सकाळी दोघी एकमेकींवर गुरगुरायचो.

त्यातच वादळाचा इशारा आला. बंदरात बावटा चढला, बोटींना फोन गेले, एकेक बोट माघारी येऊन आंजर्ल्याच्या खाडीत शिरायला लागली. दादाचा फोन लागत नव्हता. भर दुपारी बंदरावर बायका जमल्या, ज्यांच्या बोटी बाहेर होत्या त्या सगळ्या. मी आईला घेऊन गेले, वहिनीही आली. वारा असा की उभं राहावत नव्हतं, म्हणून सगळ्या लिलावाच्या शेडच्या आडोशाला बसल्या. मग एकीनं कमरेची डबी काढली. ती हातोहात फिरायला लागली, जशी माझ्या जन्माच्या आधीपासून फिरत आलीय. शेजारीण, जिच्याशी आई भांडली होती तीच, तिनं डबी आईपुढे धरली. आईचा जीव टांगणीला लागलेला, ओठ सुकलेले. तिनं डबीकडे बघितलं आणि हातानं नको केलं. डबी पुढे गेली.

त्या वेळी तिनं लावली असती तर मला राग आला नसता, खरं सांगते. पण तिनं नाही लावली. दिवेलागणीच्या सुमारास निरोप आला की दादाची बोट खाडीत पोहोचली, सगळे ठीक आहेत. वहिनी रडायला लागली. मी आईला मिठी मारली आणि म्हटलं, जिंकलीस तू. मला खरोखर वाटलं की आता यातून ती निभावली. याच्यापेक्षा मोठं संकट कुठून यायचंय?

आलं ते घरातूनच. वादळानं बोटी अडकल्या आणि दादा घरी राहिला. लेक घरात आल्यावर आई झोपेल असं आम्ही धरून चाललो होतो, आजवर तसंच होत आलेलं. पण ती आता त्याच्या उशाशी जाऊन उभी राहायची. तो झोपलाय ना, श्वास चालू आहे ना, बघायची. हात लावायची. दादा दचकून उठायचा. "आये, मी हाय ना हितंच. झोप ना आता." ती जायची, आणि जरा वेळानं परत. एवढंसं आमचं घर, ती हलली की सगळं घर हलायचं. दादाला झोप मिळेना. मग पहिल्या दिवसापुरती असायची ती बाटली रोज निघायला लागली, आणि झोपण्यापुरती ही तिची हद्दही सुटली. आईनं त्याला बोलायचं सोडून दिलं होतं. त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची आणि आत जायची.

माझी शाळा सुरू झाली, मी बुरोंडीला गेले. दादाची बोट पुन्हा निघाली. आणि एका दुपारी मधल्या सुट्टीत वहिनीचा फोन आला. आवाज दाबून बोलत होती. बोट परत आली होती आणि एका खलाशानं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की बंदरात शिरताना तांडेल सुकाणूवर पेंगला. बोट समोरच्या पाण्यातल्या किल्ल्याच्या खडकांकडे जायला लागली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं म्हणून वाचली. दादानं घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. आल्या आल्या पिऊन आडवा झाला होता.

मग वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही रागावणार मला. पण आईंना मशेरी देऊया. त्या झोपत नाहीत, म्हणून हे झोपत नाहीत. आईंचं पुढं काय व्हायचं ते होईल, पण हे मला आज हवेत हो."

मी रागावले. वाटेल ते बोलले तिला. तुला लाज वाटत नाही का, तुझी आई असती तर असं बोलली असतीस का, असलं सगळं. ती ऐकून घेत राहिली. फोन ठेवल्यावर वर्गात गेले आणि फळ्यापुढे उभी राहिले, काय शिकवायचं होतं ते आठवेना. बोट खडकावर जाताना दिसत होती. आईचा ओठ दिसत होता. दोन्हीतलं एक निवडायचं तर कसं निवडतात लोक?

दातांच्या डॉक्टरणीला फोन केला. ती चांगली मुलगी आहे, नीट बोलली. म्हणाली, इतक्या पुढे आल्यात, आता देऊ नका. झोपेसाठी मनाच्या डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं औषध देतील, मी नाव देते. मी घरी जाऊन आईला सांगितलं. मनाचा डॉक्टर म्हटल्यावर ती उठून उभी राहिली. "मी येडी नाय. वाडीत कळला तर काय तोंड दाखवू?" दादा म्हणाला, नको तिला त्या दवाखान्यात. मी त्याला म्हटलं, तू तरी दारू सोड मग. तो म्हणाला, "सोडतो. मला एकदा नीट झोपू दे, मग सोडतो." हे ऐकून मी हात टेकले. याच्याशी भांडायचं कुठल्या तोंडानं? त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि दोन दिवसांनी त्याला परत समुद्रात जायचं होतं. तू जाऊ नकोस, असं त्याला म्हणणारं घरात कुणी नव्हतं. तांडेल घरी बसला तर बोटीवरचे सगळे खलाशी घरी बसतात.

आईनं मशेरी मागितली नाही. एकदाही नाही. मागितली असती तर मी नाही म्हणाले असते, भांडले असते, मला ते जमतं. ती पडवीत बसून राहायची, अंगानं निम्मी झालेली, दादा घरात असला तरी समुद्राकडे बघत. मी जवळ बसले तर म्हणाली, "माझ्या पायी त्याला झोप नाय, असा म्हणते ना तुझी वहिनी? मी ऐकला सगळा." मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, "मी जाऊ काय तुझ्याकडे ऱ्हायला?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच मान हलवली. तिथून तिला बंदर दिसलं नसतं.

दादा निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाजारात गेले आणि तंबाखू घेतली. घरी येऊन मागच्या चुलीवर जुना लोखंडी तवा ठेवला. वहिनी दारात आली, बघितलं, आणि काटक्या आणून माझ्याजवळ ठेवल्या. मशेरी मी जन्मात कधी भाजली नव्हती. तंबाखू तापली तसा वास नाकात चढला, डोळ्यांतून पाणी आलं, खोकून खोकून पोट दुखायला लागलं. पलीकडच्या घरात कुणीतरी ठसकलं. मी सराट्यानं हलवत राहिले. मोठ्यानं बोलतही होते स्वतःशी, की चार दिवसच, दादाची ही फेरी होईपर्यंतच, मग पुन्हा बंद. मला माहीत होतं मी काय बोलतेय ते.

तवा उतरवून, हाताला चटके बसत असताना मी ती चुरली आणि एका वाटीत काढली. मागे वळले तर आई उंबऱ्यात उभी होती. वासानं आली होती. माझ्याकडे बघत नव्हती, वाटीकडे बघत होती. मी वाटी पुढे केली. तिनं चिमूट घेतली, ओठ खाली ओढला आणि लावली. चट्ट्यावरच. तिचे खांदे खाली आले. भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली, डोळे मिटून बोट फिरवत राहिली, आणि मी तिच्यासमोर काळे हात घेऊन उभी होते.

जरा वेळानं तिनं डोळे उघडले.

"कच्ची ऱ्हायलीय गो बाय," म्हणाली. "अजून जरा भाज."

मी तवा परत चुलीवर ठेवला.